प्रयोगवहीत क्लस्टरचेही पान हवे

२६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले. पुण्यातील यंत्र जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांसाठी, दिल्लीतील यंत्र इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमधील द्रव्यविज्ञान व अणुभौतिकीच्या कामासाठी, आणि कोलकात्यातील यंत्र सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रासाठी. तिन्हींचा एकत्रित खर्च सुमारे १३० कोटी रुपये. त्याआधी, मार्च २०२४ मध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ अभियानाला मंजुरी दिली होती. जानेवारी २०२५ मध्ये त्या अभियानातून १८,६९३ जीपीयू उपलब्ध होणार असल्याचे जाहीर झाले.

हे आकडे मोठे आहेत आणि त्यांची गरजही होती. परंतु यंत्रांची गणती करताना एक गोष्ट नेहमी मोजणीबाहेर राहते. आपल्यासमोरच्या वैज्ञानिक प्रश्नासाठी ही यंत्रे जुळवून घेण्याची विद्या किती जणांना अवगत आहे, हे कोणत्याही घोषणेत नसते. ही विद्या आज ज्या कामात सर्वांत स्पष्ट दिसते ते काम म्हणजे भाड्याच्या क्लाउड यंत्रांवर कंटेनरांचा क्लस्टर उभारणे. बहुतेक विभागांत हे काम ‘संगणकवाल्यांचे’ समजून बाजूला सारले जाते. वास्तविक तो प्रयोगाच्या मांडणीचाच एक भाग आहे. म्हणून तो शिकवला गेला पाहिजे, त्यासाठी निधी मिळाला पाहिजे आणि शोधनिबंधासोबत तो प्रसिद्धही झाला पाहिजे.

एक साधे उदाहरण घ्यावे. राज्य विद्यापीठातील एखादी संशोधक विद्यार्थिनी चुंबकीय पदार्थांच्या अवस्थांतराचा अभ्यास करत आहे. वेगवेगळी तापमाने आणि जाळीचे वेगवेगळे आकार मिळून तिला एक हजार स्वतंत्र गणने करायची आहेत. प्रत्येकाला एका गाभ्यावर सहा तास लागतात. एकूण काम सहा हजार गाभा-तासांचे. विभागातील आठ गाभ्यांच्या संगणकावर ते अखंड चालवले तरी ७५० तास, म्हणजे एकतीस दिवस लागतील, आणि तेही त्या महिन्यात एकदाही वीज गेली नाही व दुसऱ्या कोणाला तो संगणक लागला नाही तर. हेच काम दोनशे गाभ्यांवर वाटले तर तीस तासांत संपते. गाभ्याचे भाडे ताशी चार रुपये धरले, तर खर्च चोवीस हजार रुपये. ही रक्कम एका मध्यम प्रतीच्या लॅपटॉपपेक्षाही कमी आहे. (दरपत्रक वाचताना मात्र एक सावधगिरी हवी. तेथील एक ‘व्हीसीपीयू’ म्हणजे बहुधा पूर्ण गाभा नसून गाभ्याचा एक धागा असतो.)

या विद्यार्थिनीला महासंगणकाची गरज नाही. तिची हजार गणने एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येक आपापल्या जागी सुरू होते आणि संपते. हवामानाचे प्रतिमान किंवा क्वार्कांच्या जाळीवरील गणन यांची गोष्ट वेगळी. तेथे हजारो गाभ्यांना प्रत्येक पावलावर शेजाऱ्याशी देवाणघेवाण करावी लागते आणि त्यांना जोडणारे जाळे अतिवेगवान नसेल तर सगळे खोळंबून राहतात. पुण्यातील ‘अर्क’ आणि नोएडातील ‘अरुणिका’ या हवामानाच्या यंत्रणा त्यासाठीच आहेत. स्वतंत्र गणनांसाठी महासंगणकाच्या रांगेत उभे राहणे म्हणजे दुचाकीवरून जाण्याच्या अंतरासाठी आगगाडीची वाट पाहणे होय. आपले काम यांपैकी कोणत्या जातीचे आहे हे ओळखणे ही संशोधकाची पहिली पायरी आहे. येथे चूक झाली तर पुढचा सगळा खर्च वाया जातो.

आता कंटेनर म्हणजे काय ते पाहू. न्हावा शेवाच्या बंदरात पोलादी पेटी उचलणाऱ्या क्रेनला आत द्राक्षे आहेत की यंत्रांचे सुटे भाग, याच्याशी कर्तव्य नसते. पेटीचे माप आणि कोपऱ्यांची रचना ठरलेली असली की पुरे. संगणकीय कंटेनर त्याच कल्पनेवर उभा आहे. आज्ञावली, तिला लागणारी ग्रंथालये, त्यांच्या नेमक्या आवृत्त्या आणि मांडणीच्या फाइली हे सगळे एका बंद ‘इमेज’मध्ये भरले जाते. ती इमेज पुण्यात, पाटण्यात किंवा भाड्याच्या यंत्रावर सारखीच उघडते. २०१३ मध्ये डॉकरने ही पद्धत सर्वांच्या आवाक्यात आणली. परंतु डॉकरची मूळ रचना प्रशासकीय अधिकार मागणारी असल्याने सामायिक महासंगणकांवर तिला सहसा प्रवेश मिळत नसे. ती उणीव सिंग्युलॅरिटीने, म्हणजे आजच्या ॲपटेनरने, भरून काढली.

एक कंटेनर हाताने चालवता येतो. हजार कंटेनर हाताने चालवता येत नाहीत. कोणता कुठे बसवायचा, कोणता कोलमडला, कोणत्या यंत्राची स्मृती संपली, हे पाहणारा कोणीतरी हवा. ‘कुबरनेटिस’ ही प्रणाली ते काम करते. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा, कर्णधार. गुगलने २०१४ मध्ये ती मुक्तस्रोत म्हणून खुली केली आणि २०१५ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली.

भौतिकीच्या विद्यार्थ्याला तिचे अंतरंग परिचित वाटेल. वापरकर्ता तिला ‘हे कर, मग ते कर’ असे क्रमाने सांगत नाही. तो इच्छित स्थितीचे वर्णन एका मजकूर-फाइलमध्ये लिहितो. ‘हजार गणने पूर्ण व्हावीत, एका वेळी दोनशे चालावीत, प्रत्येकाला एक गाभा आणि दोन गिगाबाइट स्मृती मिळावी’ एवढेच. प्रणाली प्रत्यक्ष स्थिती आणि इच्छित स्थिती यांतील फरक पुनःपुन्हा मोजते आणि तो कमी करणारी कृती करते. एखादे यंत्र बंद पडले की फरक वाढतो, आणि त्या यंत्रावरचे काम दुसरीकडे पुन्हा सुरू होते. समतोलापासून ढळलेल्या वस्तूला मागे खेचणाऱ्या बलासारखेच हे आहे.

क्लस्टर उभारण्याची कृती आता आश्चर्यकारकरीत्या सोपी झाली आहे. मोठ्या क्लाउड कंपन्या कुबरनेटिसचा नियंत्रणस्तर स्वतः सांभाळतात. ठिकाण निवडायचे (मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद यांपैकी अनेक पर्याय देशातच आहेत), यंत्रांचा प्रकार व संख्या सांगायची, एक आज्ञा द्यायची. साधारण एक चहा होईपर्यंत क्लस्टर तयार असतो. या सोपेपणामुळेच त्या कामात विचार करण्यासारखे काही नाही, असा समज होतो. विचार लागतो तो त्या आज्ञेच्या आधी आणि नंतर.

आधीचा पहिला विचार इमेजचा. बहुतेक धडे इमेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ ही खूण लावायला शिकवतात. आज त्या खुणेने जी इमेज मिळते ती सहा महिन्यांनी मिळेलच असे नाही. नाव तेच राहते, आतला माल बदलतो. प्रयोगशाळेत रसायनाच्या बाटलीवर ‘नवीन’ एवढेच लिहून ठेवणाऱ्याला कोणी शास्त्रज्ञ म्हणणार नाही. प्रत्येक इमेजला तिच्या आशयावरून काढलेला अंकीय ठसा असतो. आशयातील एक अक्षर बदलले तरी तो ठसा बदलतो. संशोधनात इमेज मागवायची ती या ठशानेच.

दुसरा विचार यादृच्छिक संख्यांच्या बीजाचा. अनेक आज्ञावल्या हे बीज घड्याळातून घेतात. क्लस्टरवर शेकडो गणने एकाच क्षणी सुरू होतात; त्यांतील काहींना घड्याळाने तेच बीज दिले, तर स्वतंत्र वाटणारे नमुने प्रत्यक्षात एकमेकांच्या प्रती निघतात आणि त्रुटीचा अंदाज खोटा ठरतो. शिवाय एखादे गणन पुन्हा सुरू झाले की त्याचे बीजही बदलते. कुबरनेटिसमध्ये प्रत्येक उपकामाला क्रमांक देण्याची सोय आहे. बीज त्या क्रमांकावरून काढले की पुनरारंभ झाला तरी उत्तर तेच येते. हा प्रश्न संगणक-व्यवस्थापनाचा दिसतो, पण त्याचे उत्तर संख्याशास्त्र जाणणारा माणूसच देऊ शकतो.

तिसरा विचार खंडित होण्याचा. कंपन्या आपली रिकामी यंत्रे मोठ्या सवलतीत देतात. काही वेळा ही सवलत नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. अट एवढीच की मागणी वाढली की यंत्र काढून घेतले जाते. ॲमेझॉन दोन मिनिटांची पूर्वसूचना देते, गुगल तीस सेकंदांची. ज्याची आज्ञावली दर काही मिनिटांनी आपली स्थिती साठवते, त्याला ही सवलत वरदान आहे. ज्याची साठवत नाही, त्याचे सहा तासांचे गणन पाचव्या तासाला पुन्हा शून्यावर येते.

नंतरचा विचार पैशांचा. यंत्रांची कमाल संख्या ठरवून दिली नाही, तर स्वयंचलित विस्तार आपले काम चोख बजावतो आणि बिलही तितकेच चोख वाढवतो. खर्चाची मर्यादा म्हणून जी सूचना लावली जाते ती बहुधा ईमेल पाठवते. यंत्रे थांबवत नाही. क्लस्टर पुसून टाकला तरी त्याला जोडलेल्या तबकड्या मागे राहू शकतात आणि त्यांचे भाडे चालूच राहते. माहिती आत आणणे सहसा फुकट असते, बाहेर नेण्याला मोल पडते. भारतातील केंद्रांवरून एक टेराबाइट बाहेर काढायला साधारण शंभर डॉलर लागतात. म्हणून कच्ची माहिती घरी न आणता तिचे विश्लेषण तेथेच करून केवळ निष्कर्ष आणणे श्रेयस्कर. हा निर्णय प्रयोगाच्या आखणीतच घ्यावा लागतो.

एवढी काळजी घेतली की हाती काय येते, याचे प्रात्यक्षिक मे २०१९ मध्ये बार्सिलोना येथे झाले. हिग्ज बोसॉनच्या शोधाची घोषणा ४ जुलै २०१२ रोजी झाली होती. त्या शोधाशी संबंधित, सीएमएस प्रयोगाने पुढे सर्वांसाठी खुली केलेली सुमारे ७० टेराबाइट माहिती सर्नच्या तज्ज्ञांनी गुगलच्या क्लाउडवर ठेवली, जुनी विश्लेषण-आज्ञावली कंटेनरांत भरली आणि सभागृहातील श्रोत्यांसमोर हजारो गाभ्यांचा कुबरनेटिस क्लस्टर कामाला लावला. काही मिनिटांत तो प्रसिद्ध आलेख पडद्यावर पुन्हा उमटू लागला.

वेगापेक्षा महत्त्वाची गोष्ट येथे दुसरीच आहे. जुन्या काळातील आज्ञावली, जी आजच्या यंत्रावर सरळ बसवायला गेले तर बहुधा बसणारच नाही, ती कंटेनरात सुरक्षित राहिली आणि बोलावताच उठून उभी राहिली. त्या प्रयोगात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याची साहा संस्था यांचाही सहभाग आहे. सीएमएसच्या जागतिक संगणन-जाळ्यातील एक केंद्र मुंबईच्या टाटा संस्थेतच चालते. ज्या कणाच्या कुळाला सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव आहे, त्याच्या शोधाची पुनर्तपासणी आज देशातील कोणत्याही महाविद्यालयातून करता येण्यासारखी आहे, कारण माहिती खुली आहे आणि कंटेनर-प्रणालीही खुली आहे. या दोहोंना जोडणारे शिक्षण मात्र बहुतेक महाविद्यालयांत नाही.

कंटेनर सर्व काही गोठवून ठेवत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. त्याच्यासोबत यंत्राचा गाभारा, म्हणजे कर्नल, येत नाही आणि प्रोसेसरही येत नाही. वेगळ्या प्रोसेसरवर बेरजांचा क्रम बदलला तर दशांशाच्या शेवटच्या स्थानांत फरक पडू शकतो, आणि अव्यवस्थित गतिकीच्या प्रश्नात तो फरक झपाट्याने वाढतो. म्हणून यंत्राचा प्रकारही नोंदवावा लागतो. सुदैवाने तो क्लस्टरच्या वर्णन-फाइलमध्ये लिहिलेलाच असतो. इमेजचा ठसा, यंत्राचा प्रकार, गणनांची संख्या, बीजाचा नियम, स्मृतीची मर्यादा हे सगळे दोन-तीन पानांच्या मजकुरात मावते. प्रयोगवहीचे पान याहून वेगळे काय असते?

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. विद्यार्थ्यांनी भौतिकी शिकावी, नळजोडणी नव्हे, असे अनेक ज्येष्ठ प्राध्यापक मानतात. या आक्षेपाला भारतीय विज्ञानाच्या इतिहासानेच उत्तर दिले आहे. नारायणगावजवळ खोडद येथे उभ्या असलेल्या जीएमआरटीच्या तीस अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. इतक्या मोठ्या तबकड्या परवडणाऱ्या खर्चात उभ्या राहिल्या, कारण प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर बारीक तारांची जाळी बसवण्याची रचना शोधली. लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरींना ती जाळी आरशासारखीच भासते आणि वारा तिच्यातून निघून जातो. ही रचना म्हणजे ‘केवळ अभियांत्रिकी’ असे आज कोणी म्हणत नाही. उपकरण कसे आहे हे समजल्यावाचून त्याने दिलेले उत्तर समजत नाही, हा धडा त्या जाळीत विणलेला आहे. आजच्या विद्यार्थ्याचे उपकरण अनेकदा क्लस्टर असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भारतीय करदात्यांचा पैसा परदेशी कंपन्यांच्या क्लाउडमध्ये का ओतावा? ही चिंता रास्त आहे, आणि तिचे उत्तरही वर्णन-फाइलच्या मोकळेपणातच आहे. कुबरनेटिस कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. गणनांचे तेच वर्णन जुजबी बदल करून देशी क्लाउडवर किंवा विभागातल्या पाच जुन्या संगणकांवरही चालते. ज्या संशोधकाने आपले काम या स्वरूपात लिहून ठेवले, तो कोणत्याही कंपनीचा बंदिवान होत नाही. उद्या सार्वजनिक सुविधा स्वस्त झाली तर तो सामान उचलून तेथे जाऊ शकतो. ज्याने पडद्यावरची बटणे दाबून क्लस्टर उभारला आणि काय दाबले ते लिहिले नाही, तोच अडकतो.

तिसरी अडचण हिशेबाची आहे. संशोधन प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात उपकरणे, उपभोग्य वस्तू, मनुष्यबळ, प्रवास असे मथळे असतात. संगणक विकत घेतला की तो डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढतो, त्याला क्रमांक मिळतो, लेखापरीक्षकाला तो दाखवता येतो. तीस तास भाड्याने घेतलेले दोनशे गाभे एकतिसाव्या तासाला अस्तित्वातच नसतात. त्यांचे बिल डॉलरमध्ये येते आणि कमी-जास्त होते. त्यामुळे अनेक विभागांना वर्षातून एक महिना लागणारी क्षमता बारा महिन्यांसाठी विकत घेणे सोयीचे वाटते, आणि पाच वर्षांनी ती यंत्रे कोपऱ्यात धूळ खात पडतात. संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांनी ‘भाड्याचे संगणन’ असा स्वतंत्र मथळा ठेवावा आणि त्याचा पुरावा म्हणून वर्णन-फाइल व वापराची नोंद ग्राह्य धरावी. हे नियम बदलण्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही.

यंत्रांसोबत माणसांचाही विचार हवा. प्रत्येक विद्यापीठात काचकामगार, कार्यशाळेतील कुशल कारागीर, इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ यांची पदे एकेकाळी निर्माण झाली, कारण त्यांच्यावाचून प्रयोग उभे राहत नसत. संशोधनासाठी आज्ञावली आणि क्लस्टर सांभाळणाऱ्या अभियंत्याचे पद आज त्याच न्यायाने आवश्यक आहे. सध्या हे काम एखादा पीएच.डी.चा विद्यार्थी विनामोबदला, विनाश्रेय करतो आणि पदवी मिळवून निघून गेला की त्याच्यासोबत विभागाची सगळी माहितीही जाते.

विद्यार्थ्यांना सुरुवात करायला मात्र यांपैकी कशाचीही वाट पाहावी लागत नाही. ‘मिनिक्यूब’ किंवा ‘काइंड’ यांसारखी मुक्तस्रोत साधने एका लॅपटॉपवर छोटा क्लस्टर उभा करतात. त्याला ना क्रेडिट कार्ड लागते ना कोणाची परवानगी. आपल्या एम.एस्सी. प्रकल्पातील एक गणन कंटेनरात भरावे, त्याच्या वीस प्रती वीस क्रमांकांनी चालवाव्यात, मुद्दाम एक बंद पाडून ती पुन्हा उभी राहते का आणि उत्तर तेच येते का ते पाहावे. हे जमले की भाड्याच्या दोनशे गाभ्यांवर जाताना बदलतो तो मुख्यतः आकडा. पद्धत तीच राहते. मार्गदर्शकांनी त्या प्रकल्पाच्या अहवालात वर्णन-फाइलीचे पान मागावे आणि त्याला गुण द्यावेत. नियतकालिकांच्या संपादकांनी संगणकीय शोधनिबंधासोबत इमेजचा ठसा मागावा.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. अशी वेधशाळा एका पिढीसाठी नसते. तिच्या माहितीवर आज शाळेत असलेली मुले काम करतील, आणि त्यांच्यानंतरचे लोक त्या मुलांचे निष्कर्ष पुन्हा तपासतील. तोवर आजचे सगळे प्रोसेसर भंगारात गेलेले असतील. निष्कर्ष कोणत्या मांडणीतून आला हे सांगणारा दोन-तीन पानांचा मजकूर तेवढा टिकू शकतो, आणि तो लिहून ठेवण्याची सवय आजच्या एम.एस्सी.च्या वर्गातच लागली पाहिजे.